वहिनींच्या नासक्या फाइली

तीनशे बाराच्या तीनशे बारा फाइली पास झाल्या आणि वहिनींचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

बाकीच्यांना काय, आनंदच. साहेब खोलीतून बाहेर आले, पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवंगार बघितलं आणि चक्क टाळी वाजवली. शहाणा खुर्चीत मागे रेलला, दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" हा शहाणा म्हणजे तिथला प्रोग्राम लिहिणारा. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल कुठेतरी. सगळे त्याला शहाणाच म्हणायचे, आणि त्याला तो मान वाटायचा.

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"एकही पडली नाही?"

"एकही नाही."

"स्वतःचा बाप पण पास?"

"बाप पण पास, लांबशेपट्या पण पास. मान्य करा वहिनी, यावेळी तुमची मात्रा चालली नाही."

"मग काहीतरी मेलंय इथे," वहिनी म्हणाल्या. "मला वास येतोय."

आता ही भानगड कळायची तर वहिनींचं काम काय ते आधी सांगायला हवं. त्या ऑफिसात डीबगर बनवायचे. म्हणजे असं बघा, एखादा प्रोग्राम चालता चालता तोंडावर आपटला, की हा डीबगर जाऊन बघतो गडी नेमका कुठे ठेचकाळला. पण मशीनच्या पोटात नुसते आकडे. कुठल्या आकड्याला लिहिणाऱ्याने काय नाव दिलं होतं ती ओळख एका वेगळ्या फाइलीत असते, तिला सिम्बॉल फाइल म्हणतात. गल्लीतल्या घरांवरच्या पाट्यांची यादीच समजा. यादी धड असली तर डीबगर सरळ दारात जाऊन उभा राहतो. पण एक पाटी कोरी, एकीवर चाळीस हजार अक्षरांचं नाव, एक घर आधी संपतं आणि मग सुरू होतं, असं असलं तर? चांगल्या डीबगरने म्हणायचं, ही पाटी खराब आहे, ही सोडतो, बाकीचं सांगतो. वाईट डीबगर तिथेच आडवा होतो. पेशंट बघायला आलेला डॉक्टर पेशंटच्याच अंगावर कोसळावा, तशातली गत.

हा डॉक्टर कशाने कोसळतो ते आधीच हुडकून काढायचं, यासाठी वहिनींना पगार होता. अकरा वर्षं खपून त्यांनी नासक्या फाइली जमवल्या होत्या. काही गिऱ्हाइकांकडून आलेल्या, बाकीच्या स्वतःच्या हाताने नासवलेल्या. नुसता कचरा कुणीही भरेल, त्या म्हणायच्या, कचरा लांबून ओळखू येतो. खरी नासकी फाइल वरून कशी सोज्वळ दिसली पाहिजे, आणि आत एकच दाढ किडलेली. प्रत्येकीला नाव दिलेलं. 'पोकळ'मध्ये वर लिहिलेलं पाचशे नावं आहेत, आत तीन. 'स्वतःचा बाप' सगळ्यात लाडकी. या फाइलींत प्रत्येक नावाला बाप असतो, म्हणजे ते कशापासून बनलं ते लिहिलेलं असतं. या पठ्ठ्याच्या बापाच्या जागी त्याचंच नाव. साधा डीबगर बाप शोधायला निघाला की तिथल्या तिथे गोल गोल फिरत बसायचा, उचलून आणावा लागायचा.

तर शहाण्याने चार महिने बसून या फाइली वाचायचा भाग नव्याने लिहिला होता. तीन आठवड्यांपूर्वी चालवून बघितला तेव्हा सेहेचाळीस ठिकाणी पडला होता. आज शून्य. आणि आजच चार वाजता लिफ्टवाली बाई येणार होती. लिफ्टा बनवणाऱ्या कंपनीची मुख्य इंजिनियर. तिच्या लिफ्टा अधूनमधून दोन मजल्यांच्या मधे थांबायच्या, का थांबतात ते शोधायला तिला हा डीबगर हवा होता. आणि वहिनींची सही झाल्याशिवाय त्या ऑफिसातून डीबगर बाहेर जात नसे. अकरा वर्षांत सही केलेला एकही माल परत आला नव्हता.

"वहिनी, सही," साहेब म्हणाले.

"चारला येणार ना त्या बाई? आत्ता बारा वाजलेत."

"मग मधे काय करणार?"

"मला माझ्या फाइलींशी बोलू द्या जरा."

डीबगर मेला नाही की हिरवी खूण यायची. त्याने तक्रार काय केली ते वेगळ्या पानावर उमटायचं, आणि ते पान सहसा कुणी उघडत नसे. वहिनींनी उघडलं. कोरं. तीनशे बारा पेशंट तपासले आणि एकालाही साधी सर्दी नाही. त्यांनी 'स्वतःचा बाप' उघडून आत बघितलं, आणि चष्मा पुसून परत बघितलं. त्याला कुणीतरी बाप दिला होता. चांगल्या घरातला, धडधाकट बाप. 'पोकळ'च्या डोक्यावर पाचशेच्या जागी तीन लिहिलेलं. चाळीस हजार अक्षरांच्या लांबशेपट्याची शेपटी कापून नाव नऊ अक्षरांत बसवलेलं, आणि वाचायलाही सोपं.

वहिनी उठल्या आणि जिन्याने तडक खाली निघाल्या. हे काम करणारा माणूस पृथ्वीवर एकच होता, आणि तो त्यांच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ होता.

खालच्या मजल्यावर फाइली साठवायच्या मशीनांची खोली होती. तिथे भाऊजी दोन महिन्यांपूर्वी फाइलींची निगा राखायच्या कामावर लागले होते, वहिनींच्या शब्दावर. अकरा वर्षं सगळे वहिनींना मॅडम म्हणायचे. भाऊजींनी पहिल्याच दिवशी जिन्यातून "वहिनी, डबा विसरलात!" अशी आरोळी ठोकली आणि दुपारपर्यंत अख्खं ऑफिस त्यांना वहिनी म्हणायला लागलं. भाऊजी स्वभावाने देवमाणूस. एकच खोड. वाकडं काही बघवत नसे. दाताच्या डॉक्टरकडे गेले तर आपला नंबर येईपर्यंत तिथली मासिकं तारखेप्रमाणे लावून ठेवायचे. एकदा शेजाऱ्याच्या दारावरची तिरकी पाटी सरळ करायला गेले, ती हातात आली. मग ती परत बसवताना दारच उतरवावं लागलं. शेजारी आत आंघोळीला गेलेला.

"भाऊजी!"

"या या वहिनी. पाय पुसून या, आत्ताच झाडलंय."

"माझ्या फाइलींना हात लावलात?"

भाऊजींचा चेहरा असा फुलला, जसं काही लपवून ठेवलेलं बक्षीस कुणीतरी हुडकून काढलंय.

"कळलं होय तुम्हाला? मी सांगणारच नव्हतो. केलं म्हणून कशाला मिरवायचं."

"काय केलंत?"

"अहो, महिन्याची तपासणी लावली तर तीनशे बारा फाइली खराब निघाल्या. आणि सगळ्या तुमच्या नावावर! माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. म्हटलं, वहिनींच्या कपाटाची ही दशा? उद्या साहेबांनी बघितलं तर काय इज्जत राहील? मग काय, तीन आठवडे, डबा खाऊन झाला की रोज वीस. एकेक हाताने नीट केली."

"आणि जुन्या प्रती? त्या असतील ना ठेवलेल्या?"

"त्याही बदलल्या. नासका माल कशाला सांभाळायचा?"

वहिनींनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. मोठा श्वास घेतला.

"भाऊजी, त्या फाइली खराब होत्या, कारण मी त्या खराब केल्या होत्या."

"तुम्ही?"

"मी."

"चुकून."

"मुद्दाम. अकरा वर्षं."

वहिनी माडीवर चोरून दारू गाळतात असं कळलं असतं तरी भाऊजींनी असं बघितलं नसतं. मग वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टर, पेशंट, किडकी दाढ. ऐकता ऐकता भाऊजी खाली खाली बसत गेले.

"म्हणजे मी..."

"म्हणजे डॉक्टरची परीक्षा घ्यायला आणलेले सगळे पेशंट तुम्ही बरे करून घरी पाठवलेत."

"आईशप्पथ."

"आणि तो परीक्षेत पहिला आलाय. साहेबांनी टाळी वाजवली."

भाऊजींनी हळूच मागे भिंतीकडे बघितलं. तिथे साहेबांच्या सहीचा नियम लावलेला होता, चारी कडा अगदी सरळ रेषेत: दुसऱ्याच्या फाइलीत बदल करणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून कमी करण्यात येईल.

"हा वाचला होतात ना?" वहिनींनी विचारलं.

"मला वाटलं, बिघडवणाऱ्यांसाठी आहे."

आता आली का पंचाईत? खरं सांगावं तर भाऊजी संध्याकाळी घरी. दोन वर्षं बिनकामाचे बसले होते, त्या दोन वर्षांत घरातलं एकही घड्याळ त्यांनी धड चालू दिलं नव्हतं. आणि नोकरी गेली की वहिनींच्या शब्दालाही ऑफिसात काही किंमत राहणार नव्हती. बरं, गप्प बसून सही ठोकावी, तर न तपासलेला डीबगर जाणार लिफ्टवालीकडे. तो लटकला की माणसं लटकणार. सही नाही केली तर साहेब विचारणार, का नाही? बाहेर पडायची वाट एकच. चारच्या आत फाइली परत नासवायच्या.

"आठवतंय का कुठे काय नीट केलंत ते?"

"आठवायचं कशाला?" भाऊजींनी खणातून एक जाडजूड वही काढली. "नोंद केल्याशिवाय मी दुरुस्ती करतो का? हे बघा, फाइलीचं नाव, जागा, आधी काय होतं, मी काय केलं."

वहिनींना आयुष्यात पहिल्यांदाच दिराच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण हातात तीन तास, पडल्या नाहीत. "मागच्या वेळी ज्या सेहेचाळीसवर तो पडला होता, त्याच घेऊ. दार लावा. निम्म्या तुम्ही, निम्म्या मी. वही बघायची आणि उलटं करत जायचं."

नासवणं म्हणजे सोपं काम असं वाटतं लोकांना. भाऊजींना घाम फुटला.

"वहिनी, याचा बाप काढून तिथे याचंच नाव घालू? बरं दिसतं का ते?"

"घाला."

"पोरकं होईल हो."

"भाऊजी, तुम्ही त्याला लग्नाला नेणार नाही आहात. घाला."

पाच मिनिटांनी भाऊजी परत अडले.

"ह्या नावात चाळीस हजार अक्षरं. निदान मधे मधे जागा सोडू का? वाचणाऱ्याला दम लागेल."

"नका सोडू."

"आणि हे घर सुरू व्हायच्या आधीच संपतंय. याला काही अर्थ?"

"अर्थ नाही म्हणूनच ठेवलंय ते."

अडीचच्या सुमाराला वहिनींनी त्यांच्या पडद्यावर नजर टाकली तर काय, नासवलेल्या दोन फाइली परत ठणठणीत.

"अहो!"

"हात आपोआप जातो, वहिनी. मी एक हात मांडीखाली घेऊन बसतो."

आणि खरंच एक हात मांडीखाली घेऊन, एका हाताने, दात-ओठ खात त्या माणसाने आपल्या वाटणीच्या तेवीस फाइली नासवल्या. शेवटची झाली तेव्हा तो असा उठला, जसं काही सासुरवाडीच्या लोकांसमोर त्याला नाचायला लावलं होतं.

साडेतीनला वहिनी वर आल्या. मागोमाग वही छातीशी धरून भाऊजी.

"परत चालव," वहिनी शहाण्याला म्हणाल्या. "या सेहेचाळीस तेवढ्या."

"सकाळीच तर झाल्या!"

"माझी हौस समज."

शहाण्याने खांदे उडवले आणि चालवलं. यावेळी तक्रारींचं पान भराभर भरायला लागलं. इथे पाटी कोरी आहे, सोडतो. इथे पाचशे सांगितले, तीनच मिळाले, तीन दाखवतो. लांबशेपट्याला डीबगरने शंभर अक्षरांवर थांबवलं आणि पुढे टिंबं दिली. 'स्वतःचा बाप' आला तेव्हा वहिनींनी टेबलाची कड घट्ट धरली. पडद्यावर उमटलं: हा स्वतःलाच बाप म्हणतोय, सोडतो.

"शाब्बास रे," त्यांच्या तोंडून निघून गेलं. पोराने खरंच मेहनत घेतली होती. शहाणा हसून लाल झाला. इतका की त्याला सकाळची टाळी आठवली नसेल.

पस्तीस झाल्या, चाळीस झाल्या. वहिनी मनात पुढचा हिशोब मांडायला लागल्या. सही करायची, भाऊजींना खाली पाठवायचं आणि उरलेल्या फाइली हळूहळू नासवायच्या, कुणाला पत्ता लागायचं कारण नाही. एवढ्यात दार उघडलं आणि साहेब लिफ्टवाल्या बाईंना घेऊन आत आले. बाई उंचीने बेताच्या, नजर मात्र मोजपट्टी लावल्यासारखी.

"बघा, शेवटची तपासणीच चालू आहे," साहेब म्हणाले. "आमच्याकडे असं काटेकोर असतं."

चव्वेचाळिसावी फाइल आली आणि पडदा थांबला. 'बाप शोधत आहे', एवढंच. पुढे काही हलेना. मशीनचा पंखा हळूहळू आवाज वाढवायला लागला.

"किती वेळ लागतो याला?" बाईंनी विचारलं.

"एक सेकंद," शहाणा म्हणाला.

दोन मिनिटं गेली.

"तुमचा सेकंद बराच टिकाऊ दिसतोय," बाई म्हणाल्या.

शहाण्याने मान वाकडी करून, सरळ करून बघितलं, शेवटी डीबगर मारून टाकला. वहिनींनी फाइल आत उघडली. ती त्यांची नव्हतीच. म्हणजे नाव त्यांचं होतं, पण असली किडकी दाढ त्यांनी कधी बनवली नव्हती. दोन नावं होती. दोघांच्या बापाच्या जागी ज्याचं त्याचं नाव घालायचं होतं. एका हाताने लिहिताना भाऊजींची ओळ चुकली आणि याचं नाव तिथे, त्याचं इथे पडलं. दोघं एकमेकांचे बाप होऊन बसले होते. स्वतःलाच बाप म्हणणाऱ्याला शहाण्याने बरोबर पकडलं, पण इथे डीबगर याच्याकडे जायचा, तो म्हणायचा त्याच्याकडे जा. सरकारी कचेरीत फिरल्यासारखा फिरत राहिला बिचारा.

"ही फाइल कुणी केली?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"मी," वहिनी म्हणाल्या.

झालं, इथे संपलं असतं. पण दाराशी भाऊजी उभे होते, आणि ते 'मी' तिथे तिरकं लटकत होतं. त्यांना ते सरळ केल्याशिवाय राहवेना.

"त्यांनी नाही साहेब, मी केली. चुकून. म्हणजे नासवायची होती, पण अशी नाही. आणि नासवायची का होती, तर आधी मी नीट केल्या होत्या. तीनशे बारा. ही वही."

वहिनींनी कपाळावर हात मारला. साहेबांनी वही चाळली, आणि पानागणिक त्यांचा रंग चढत गेला.

"नियम वाचलाय तुम्ही?"

"मीच लावलाय भिंतीवर."

"मग सामान आवरा."

"आवरलेलंच असतं, साहेब," भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

"साहेब, त्यांना मी आणलंय," वहिनी म्हणाल्या. "काढायचं तर दोघांना काढा. आणि सही मी करत नाही. सकाळीही करणार नव्हते, आताही नाही. तुमच्यासमोर अडकलाय तो."

मग लिफ्टवाल्या बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"मला एक सांगा वहिनी." आल्या आल्या त्याही वहिनी म्हणायला लागल्या होत्या. "अकरा वर्षांत ही चूक तुम्हाला का नाही सुचली?"

वहिनींना हे लागलं. पण त्यांनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "मी नासवायलाच बसते, बाई. मला वाकडंच सुचतं. हे सरळ करणाऱ्याच्या हातून झालंय."

"आमच्याकडे तेच होतं," बाई म्हणाल्या. "मुद्दाम कोण बिघडवतं? सगळे नीट करायलाच येतात. आमचा एक माणूस आहे, जाता येता जरा सुधारणा करतो. त्याच्यापायी गेल्या महिन्यात मी सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे पाऊण तास उभी होते." त्यांनी भाऊजींकडे बोट केलं. "असा माणूस तुम्हाला घरबसल्या मिळालाय आणि तुम्ही त्याला काढताय? हे दुरुस्त करा, पंधरा दिवसांनी येते. पण मग तपासणीच्या कागदावर ह्यांचीही सही पाहिजे मला."

गिऱ्हाईकच असं बोलल्यावर साहेब काय करणार? त्यांनी भाऊजींना नोकरीवर ठेवलं, पण खालच्या खोलीची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून भाऊजींचं टेबल वहिनींच्या शेजारी. पहिला दिवस वाईट गेला. समोर वही, उरलेल्या फाइली नासवायच्या, आणि माणूस प्रत्येक फाइलीपुढे हात जोडल्यासारखा बसायचा. दुपारी वहिनींनी वही स्वतःकडे ओढली.

"ठेवा ते. नासवणं तुमच्या रक्तात नाही. त्या मी करते."

"मग मी काय करू?"

वहिनींनी त्यांना एक चांगली फाइल दिली. निरोगी, कुठे ओरखडा नाही. "ही नीट करा."

"ही नीटच आहे की."

"आहे ना. तरी बघा काही सुचतंय का."

भाऊजींनी फाइल वर-खाली केली. मग चष्मा नाकावर सरकवला. "तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले, "ही नावं अक्षरांप्रमाणे लावलेली नाहीत. आणि ही दोन सारखीच दिसतायत, एकच ठेवली तर सुटसुटीत होईल."

"करा की."

संध्याकाळपर्यंत डीबगर चार वेळा आडवा झाला. चारही वेळा अशा जागी, की वहिनींना अकरा वर्षांत त्या जागा माहीत नव्हत्या. पाचव्यांदा पंखा घोंघावायला लागला तेव्हा शहाणा खुर्चीवरून उठूनच आला.

"वहिनी, त्यांना आवरा! मी एक बुजवतो तोवर ते दुसरं नीट करतात!"

"भाऊजी," वहिनी तक्रारींच्या पानावरून मान वर न काढता म्हणाल्या, "तो काय म्हणतोय बघा."

"एक मिनिट हं," भाऊजी म्हणाले. त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. "एवढी एक जागा तिरकी राहिलीय."